आभार मंडळ आणि वाळूची बादली

माझ्या दुकानात रंगाचे डबे आहेत आणि प्रत्येक डब्याच्या काठावर ओघळ साचलेले आहेत. बोर्ड रंगवून झाला की ब्रश काठाला पुसायचा, की एक ओघळ वाढला. कुठला ओघळ कुठल्या बोर्डाचा ते आता मलाही सांगता येणार नाही, पण ते खरवडून काढावेत असंही वाटत नाही. किश्श्यांचं तसंच होतं. मुद्दाम कोणी जमवत नाही. काम करता करता काठाला लागून राहतात.

आज सांगतो ते सगळे ओघळ एकाच डब्याचे. डब्याचं नाव 'लोकसेवक आभार मंडळ, रत्नागिरी'.

मी बोर्ड रंगवतो. शाळा आठवीत सुटली, पण अक्षर सुटलं नाही. त्यामुळे मंडळाचं मानपत्र दर वर्षी माझ्याकडे येतं. शिकलेल्या माणसांनी मजकूर सांगायचा आणि मी लिहायचा. मीटिंगमध्ये कोपऱ्यात मला एक खुर्ची असते. मी बोलत नाही. बोलायचं म्हटलं की आधी माझे कान लाल होतात, आणि मग काय बोलायचं होतं तेच आठवत नाही. पण न बोलणाऱ्या माणसाला ऐकू फार येतं!

*

मंडळाचे अध्यक्ष शिर्केसाहेब. पोलीस इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झाले, पण ते रिटायर झालेत हे त्यांच्या आवाजाला अजून कोणी कळवलेलं नाही. उपाध्यक्ष गद्रेसाहेब. गावातल्या बंबाचे प्रमुख, अजून नोकरीत. गाव त्यांना 'बंबसाहेब' म्हणतं. दोघेही सज्जन. पोस्टमन, लाइनमन, नर्स, एसटीचे ड्रायव्हर ही माणसं आयुष्यभर लोकांसाठी राबतात आणि एक दिवस गुपचूप रिटायर होतात, त्यांचे कोणीतरी आभार मानायला हवेत, असं दोघांच्याही मनात आलं. म्हणून मंडळ निघालं.

पहिल्याच मीटिंगला विषय निघाला, पहिला सत्कार कोणाचा?

"पोलिसाचा," शिर्केसाहेब म्हणाले. "सुरुवात कायद्यापासून व्हावी."

"घर पेटलं की माणूस कायदा शोधत नाही," गद्रेसाहेब म्हणाले. "बंब शोधतो."

"आणि बंब येईपर्यंत गर्दी कोण हटवतं?"

"हटवता खरी. मग तिच्या जागी तुम्ही उभे राहून बघता!"

तीन वेळा चहा झाला. चौथ्यांदा चहा आला तेव्हा मुकादमभाई बोलले. ते मांडव, खुर्च्या आणि पडदे भाड्याने देतात, आणि मंडळाचे चिटणीस आहेत. ते म्हणाले, "दोघांचाही नको, साहेब. बाकी गाव काय कमी आहे?"

आपला माणूस नाही याचं दुःख दोघांनाही झालं, पण समोरच्याचाही नाही याचा आनंद त्याहून मोठा निघाला. नियम क्रमांक एक एकमताने पास झाला : 'मंडळाकडून पोलीस व अग्निशमन कर्मचाऱ्यांचा सत्कार होणार नाही.'

तो नियम, आणि खाली आणखी सात, मी मोठ्या बोर्डावर रंगवले. दोघे साहेब बोर्ड बघायला दुकानात आले. बराच वेळ बघत उभे राहिले.

"निःपक्षपाती," शिर्केसाहेब म्हणाले.

"एकदम," गद्रेसाहेब म्हणाले.

तेव्हापासून रत्नागिरीत पोलीस आणि बंबवाले मिळून सगळ्यांचे आभार मानतात. पोलीस आणि बंबवाले सोडून!

*

सत्कारासाठी माणूस निवडायचा म्हणजे त्याची माहिती काढायला हवी. हे काम शिर्केसाहेबांनी स्वतःकडे घेतलं. माहिती काढायची एकच पद्धत त्यांना येत होती.

पहिल्या वर्षी नाव आलं बारटक्केअण्णांचं. मूळचे केळशीचे, पण पोस्टमनची सगळी नोकरी इथे झालेली. अण्णांना साहेबांची चिठ्ठी गेली, 'आपल्या सेवाकाळासंबंधी चौकशी करावयाची असल्याने आपण सकाळी ठीक दहा वाजता निम्नस्वाक्षरीकारासमोर हजर राहावे. कसूर झाल्यास योग्य ती दखल घेतली जाईल.'

अण्णा पावणेदहालाच आले. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम. बरोबर मेहुणे, आणि आणखी एक आंब्याचे बागायतदार.

"एका पावसाळ्यात ओढ्यावरचा साकव वाहून गेला असताना," साहेब कागदात बघत म्हणाले, "आपण मनीऑर्डर डोक्याला बांधून वहाळ ओलांडला आणि एका म्हातारीला पोहोचती केली. हे खरं आहे काय?"

"खरं आहे, साहेब. पण एकही नोट भिजली नव्हती. म्हातारीला साक्षीला आणलंय, बाहेर बसवलीय."

"असा प्रकार आपण किती वेळा केलात?"

अण्णांनी मेहुण्यांकडे बघितलं. मेहुण्यांनी मान हलवली. "आठवत नाही, साहेब."

शिर्केसाहेबांनी फाइल मिटली, चष्मा काढला आणि म्हणाले, "ठीक आहे. तुमचा सत्कार करायचं ठरलं आहे."

अण्णा जागच्या जागी बसले. बागायतदार पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, जामीन मी राहतो. सत्कार किती दिवसांचा?"

*

गद्रेसाहेबांची तऱ्हा वेगळी. शिर्केसाहेबांना प्रत्येक माणसात आरोपी दिसतो, तर गद्रेसाहेबांना प्रत्येक वस्तूत आग दिसते. हॉलमध्ये आले की आधी दारं मोजतात. मग पडद्याला हात लावून कापड कसलं ते बघतात. मग मुकादमभाईंना म्हणतात, "हे पेटलं तर किती वेळात खाली येईल?"

मुकादमभाई म्हणतात, "साहेब, मी तो वर लावायला आलोय."

दीपप्रज्वलनाला त्यांची परवानगीच नव्हती. शिर्केसाहेब हट्टाला पेटले म्हणून एक समई मंजूर झाली, तीही पडद्यापासून चार फुटांवर. आणि पडद्यामागे एक माणूस, त्याच्यापाशी दोन बादल्या, एक वाळूची, एक पाण्याची. तो माणूस म्हणजे सदूमामा भाटकर. बंबावरचे सगळ्यात जुने फायरमन. ड्युटीच्या चिठ्ठीवर गद्रेसाहेब दर वर्षी एकच ओळ लिहायचे, 'भाटकर, पडद्यामागे.'

तो पडदा वीतभर आखूड आहे. मुकादमभाईंनी तो कुठल्याशा नाटकवाल्यांकडून घेतला, तेव्हा त्यांचं स्टेज बुटकं होतं. त्यामुळे सत्कारमूर्ती पुढे खुर्चीत, आणि मागे पडद्याखाली सदूमामाचे काळे बूट. मंडळाचा कुठलाही फोटो काढून बघा. सदूमामा प्रत्येक फोटोत आहेत, बुटांपुरते.

तर दुसऱ्या वर्षी सत्कार होता कुसुमताईंचा. नर्स. अलोऱ्याच्या कॉलनीत बरीच वर्षं काढली, मग इकडे आल्या. मंडळींनी ठरवलं, बाईमाणूस आहे, पाच सुवासिनींनी औक्षण करावं.

"निरांजन?" गद्रेसाहेब उभेच राहिले. "उघडी ज्योत? पाच नायलॉनच्या साड्या? आणि मागे पडदा?"

"अहो, ताम्हनातलं एवढंसं निरांजन ते!"

"प्रत्येक आग आधी एवढीशीच असते!"

शेवटी तोड निघाली. कार्यक्रमाच्या दिवशी सुवासिनी पुढे आल्या, ताम्हनात हळद, कुंकू, अक्षता, सुपारी, आणि निरांजनाच्या जागी गद्रेसाहेबांचा सरकारी टॉर्च. तीन सेलचा. पहिल्या बाईंनी तो पेटवून कुसुमताईंच्या तोंडासमोरून ओवाळला. कुसुमताईंचे डोळे दिपले. त्यांनी सवयीने मान वर केली आणि म्हणाल्या,

"आऽ करू काय?"

*

एसटीच्या ड्रायव्हरचा सत्कार हा आमच्या मंडळाचा आजवरचा सर्वांत यशस्वी कार्यक्रम समजला जातो.

हे ड्रायव्हर गुहागरच्या गाडीवर. हॉल स्टँडच्या शेजारी, आणि गाडीला स्टँडवर पाऊण तासाची विश्रांती. रजा कशाला घ्यायची म्हणून त्यांनी त्या पाऊण तासात येऊन सत्कार घेऊन जायचं ठरवलं. आले तर एकटे नाहीत! ड्रायव्हर निघाले तसे पॅसेंजरही निघाले. ड्रायव्हर नजरेआड होऊ द्यायचा नाही, ही कोकणातल्या पॅसेंजरची जुनी सवय. पिशव्या, फणस, एक कोंबडी आणि लहान मुलं यांच्यासकट सगळे हॉलमध्ये येऊन बसले. पोहे होते, ते खाल्ले. पंखा होता, वारा घेतला. आमच्या हॉलमध्ये कधी नव्हे ती माणसं भिंतीला टेकून उभी राहिली.

एवढी गर्दी बघून शिर्केसाहेबांना भाषणाचा जोर चढला. लहानपणापासून सुरुवात केली. पोलीस ट्रेनिंगपर्यंत आले. "तेव्हा मित्रहो," ते म्हणाले, "माझ्या आयुष्यातला सर्वांत कठीण प्रसंग..."

तेवढ्यात दारात कंडक्टर उभे राहिले. घड्याळात बघितलं. हॉलच्या दाराला शाळेची जुनी घंटा टांगलेली होती, तिचा दोर धरून त्यांनी दोन टोले दिले. ठण्ण, ठण्ण!

अर्ध्या मिनिटात हॉल रिकामा. शाल पांघरलेले सत्कारमूर्तीसुद्धा गेले. व्यासपीठावर मंडळी आणि समोर आम्ही सहा जण. कठीण प्रसंग कोणता ते शिर्केसाहेबांना वेगळं सांगावं लागलं नाही.

पुढच्या वर्षीच्या मीटिंगला साहेबांनी पहिलाच विषय काढला, "यंदाही एसटीचाच कोणी बघा. लोकांना गोडी लागली आहे."

*

आता जरा सदूमामांकडे येतो.

गेल्या फाल्गुनात ते दुकानात आले. हातात ड्युटीचं हेल्मेट, त्यावरचा नंबर पुसट झालेला. म्हणाले, "जरा घालून दे रे ह्यो आकडा. तीन महिने रवले नोकरीचे. मे मधे सुटतंय मी."

मी नंबर घालत होतो. ते बाजूला स्टुलावर बसून त्या वर्षीच्या मानपत्राचा कोरा कागद बघत राहिले. सोनेरी वेलबुट्टी आधीच काढून झाली होती. नाव अजून ठरलं नव्हतं.

"जाड हाय कागद," ते म्हणाले.

"होय, मामा."

"सगली भाषणा माला पाठ हत. 'समाजाचा कणा.' 'निरपेक्ष सेवा.' शिर्केसायेब 'मित्रहो' बोल्ले की मी वलकतो, आता अर्दा तास गेला."

मी हसलो. तेही हसले. मग कागदाकडे बघतच म्हणाले, "इतकी वर्सा पडद्यामागं हाय मी. फटीतनं सत्काराच्या मानसाची पाठ तेवडी बगितली. लोकांच्या टाळ्या ऐकल्या. पन टाळ्या वाजवताना मानसांची तोंडा कशी दिसतात, ता नाय कधी बगितला."

हे सदूमामा म्हणजे विहिरीत पडलेलं माणूस असो, जनावर असो, दोर कमरेला बांधून पहिल्यांदा उतरणारे. भाटकर आले म्हटलं की विहिरीवर रडणारी माणसं रडायची थांबतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

"मामा, तुमचं नाव सुचवू काय मीटिंगला?"

ते एकदम उठले. "नको हां! नियम हाय. तुज्याच हातचो बोर्ड तो." हेल्मेट घेतलं आणि ओल्या रंगासकट निघाले. पायरीवर वळून बघितलं. माझ्याकडे नव्हे, त्या कागदाकडे.

*

चैत्रातल्या मीटिंगला मी ठरवून गेलो होतो. घरून निघताना वाक्य पाठ केलं होतं, 'साहेब, सदूमामा मे महिन्यात रिटायर होतायत, यंदा नियम बाजूला ठेवावा.' रस्त्यात दोनदा म्हणून बघितलं. छान जमत होतं.

"कोणाला काही बोलायचंय?" शिर्केसाहेबांनी विचारलं.

मी उभा राहिलो. मी उभा राहिलेला बघून सगळे इतके चकित झाले की एकदम शांत झाले. ती शांतताच माझ्या मुळावर आली. कान पेटले. वाक्य गेलं.

"साहेब," मी म्हणालो, "नियमांच्या बोर्डाचा... रंग उडालाय."

"मग नवा रंगव!" साहेब म्हणाले. "एवढ्यासाठी उभं राहायचं काय?"

मी बसलो. घरी जाऊन जेवलोही नाही नीट.

पण बोर्ड रंगवायचा हुकूम तर झाला होता. मी दुसऱ्या दिवशी बोर्ड दुकानात आणला, घासून साफ केला आणि नवा रंगवला. अक्षर या खेपेस जरा मोठं काढलं, लांबून वाचता यावं म्हणून. आठ नियम होते, त्यांतले सात बसले. खरं सांगतो, खोटं नाही. एक मावलाच नाही.

*

पुढच्या मीटिंगला शिर्केसाहेब बोर्डासमोर आले आणि थांबले. एकेक नियम बोट लावून वाचला. शेवटी माझ्याकडे वळले. तो आवाज ऐकून लोकांनी आयुष्यात न केलेले गुन्हेही कबूल केलेले आहेत.

"पहिला नियम कुठे आहे?"

"मावला नाही, साहेब."

"जागा नव्हती, तर आठवा गाळता आला नाही?"

"येत होता, साहेब."

"मग पहिलाच कसा मावला नाही?"

या खेपेस वाक्य आतून आपोआप आलं, पाठ न केलेलं. "साहेब, सदूमामांनी टाळ्या वाजवणाऱ्यांची तोंडं बघितलेली नाहीत."

गद्रेसाहेब उगाच पंख्याकडे बघू लागले. मग शिर्केसाहेबांनी घसा खाकरला.

"बोर्डावर नाही, म्हणजे नियम नाही," ते म्हणाले. "मी अध्यक्ष म्हणून भाटकरचं नाव मांडतो."

आता झालं, असं मला वाटलं. कसलं!

"चालणार नाही," गद्रेसाहेब म्हणाले. "माझ्या खात्याचा माणूस आधी? लोक काय म्हणतील? मी तुमच्या हवालदार चव्हाणांचं नाव मांडतो."

"चव्हाण माझ्या खात्याचा! तो आधी आला तर लोक मला काय म्हणतील? भाटकरच!"

"चव्हाणच!"

"तुमचा माणूस आगीत शिरतो, गद्रे!"

"आणि तुमचा दंगलीत शिरतो, शिर्के!"

पहिल्या मीटिंगला आपल्या माणसासाठी भांडले होते, ते आता दुसऱ्याच्या माणसासाठी भांडत होते. आवाज तेवढाच! चहाही तेवढाच! चौथ्या चहाला परत मुकादमभाईच बोलले. "अरे बाबांनो, चव्हाण कधी रिटायर होतोय?"

"अजून बरीच वर्षं आहेत."

"आणि भाटकर?"

"याच महिन्यात," गद्रेसाहेब म्हणाले. आणि मग अगदी हळू, "या महिन्याच्या शेवटाला."

ठरलं.

*

नाव ठरलं तरी चौकशी चुकत नाही. सदूमामांनाही चिठ्ठी गेली, तेही इस्त्री करून हजर झाले. मी मानपत्रासाठी टिपणं घ्यायला बसलो होतो.

"आपण आजवर किती लोकांना वाचवलंत?" शिर्केसाहेबांनी विचारलं.

"मोजला नाय, सायेब. वर काडला की मानसा घरी जातात. परत कोन येतंय सांगायला?"

"विहिरीत पहिल्यांदा उतरलात, तेव्हा नेमकं काय वाटलं?"

सदूमामांनी विचार केला. "थंड वाटला, सायेब."

साहेबांनी तेवढंच लिहून घेतलं. पुढे काही विचारलं नाही. आमच्या मंडळाच्या इतिहासातली सगळ्यात छोटी चौकशी ती.

मजकूर सांगायला गद्रेसाहेब दुकानात आले. खुर्चीत बसले. "लिही," म्हणाले. मी टाक उचलला. ते समोरच्या रस्त्याकडे बघत बसले. रिक्षा गेली, सायकली गेल्या, माझ्या टाकाची शाई दोनदा वाळली.

"तूच लिही रे," शेवटी ते उठून म्हणाले. "रोज ज्याच्याबरोबर उभं राहायचं, त्याच्याबद्दल काय सांगणार?"

म्हणून त्या वर्षीचं मानपत्र माझं. अक्षरही आणि शब्दही.

*

मे महिन्यातली टळटळीत दुपार. हॉलच्या सगळ्या खिडक्या उघड्या, तरी शर्ट पाठीला चिकटत होता. गर्दी बरी होती. सदूमामांच्या भाटातली, म्हणजे किनाऱ्यावरच्या वस्तीतली माणसं, त्यांची बायको, दोन मुली, जावई, आणि मागच्या ओळीत कोणी न बोलावता आलेली माणसं, जी कधी ना कधी विहिरीच्या तळाशी होती. व्यासपीठावर समई, चार फूट सोडून पडदा. अध्यक्ष, उपाध्यक्ष, मुकादमभाई. मधे हार घातलेली मोठी खुर्ची.

"सत्कारमूर्ती श्री. सदाशिव भाटकर यांनी स्थानापन्न व्हावं!" मुकादमभाईंनी पुकारलं.

कोणी आलं नाही.

परत पुकारलं. लोक मागे वळून दाराकडे बघू लागले. सदूमामांची बायको थोरल्या मुलीला म्हणाली, "घरातनं तर माज्या आदी निंगाले!"

आणि मला पडद्याखाली ते काळे बूट दिसले.

गद्रेसाहेबांनाही दिसले. ते पडद्याजवळ गेले. हॉल शांत होता म्हणून सगळ्यांना सगळं ऐकू आलं.

"भाटकर! पुढे या. तुमचा सत्कार आहे."

"होय, सायेब." आतून आवाज. "पन बादल्या कोनाकडं देव?"

सवयीने गद्रेसाहेबांनी चिठ्ठीवर तीच ओळ लिहिली होती, 'भाटकर, पडद्यामागे.' बाकीची माणसं बंबाजवळ ड्युटीला. समई पेटलेली.

"विझवा समई!" कोणीतरी म्हणालं.

"कार्यक्रम चालू असताना समई विझवायची?" दुसरं कोणीतरी ओरडलं.

मग गद्रेसाहेबांनी काय केलं, तर टोपी काढून आपल्या खुर्चीवर ठेवली, पडदा बाजूला केला आणि आत गेले. क्षणभराने सदूमामा बाहेर आले, ढकलल्यासारखे. पण हातात अजून पाण्याची बादली तशीच होती!

"अहो, ती ठेवा की!"

"वाळूची सायेबांनी घेतली. दोनी बादल्या एकट्या सायेबांना जड पडतील."

शिर्केसाहेब उठले. भाषणाचे कागद त्यांनी खिशातून काढले, बघितले आणि माझ्या हातात दिले. मग सदूमामांच्या हातातली बादली घेतली आणि पडद्यामागे गेले.

आता व्यासपीठावर मुकादमभाई आणि सदूमामा. अध्यक्षांची खुर्ची रिकामी, उपाध्यक्षांच्या खुर्चीवर टोपी. मुकादमभाईंनी शाल पांघरली, श्रीफळ दिलं आणि माझ्याकडे बघितलं. मानपत्र वाचायचं काम अध्यक्षांचं असतं. अध्यक्षांच्या हातात बादली होती.

मी मानपत्र घेऊन उठलो. कान पेटले. पण अक्षर माझं होतं, त्यामुळे वाचता आलं.

"आपण विहिरीत उतरलात," मी वाचलं, "तेव्हा आम्ही काठावर उभे होतो."

मागच्या ओळीतून एक टाळी वाजली. मग दुसरी. मग सगळा हॉल. सदूमामांनी मान वर केली आणि बघू लागले. डावीकडून उजवीकडे, ओळीओळीने, एकही तोंड न सोडता.

टाळ्या थांबल्यावर मी पुढची ओळ वाचली. "आपण आगीत शिरलात, तेव्हा..."

"थांब जरा," सदूमामा म्हणाले.

मी थांबलो. समईची ज्योत आडवी झाली होती. त्यांनी खिडकीकडे बघितलं, ज्योतीकडे बघितलं. मग शाल सावरून खुर्चीतच मागे वळले आणि पडद्याला म्हणाले,

"सायेब, वाळूची बादली जरा डाव्या अंगाला घ्या. वारा दर्याकडनं येतोय."

पडद्याखाली बुटांचे दोन जोड होते, एक तपकिरी, एक काळा. दोन्ही डावीकडे सरकले.